मेंढपाळ जातीची तीन कुत्री आणि एक पाहुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला मखमलाबादच्या पुढे, सोसायट्या संपून मळे सुरू होतात तिथे आमचं घर आहे. घरात कायमची मंडळी तीन. मैना ही बोर्डर कोली, सरजा हा म्हातारा होत चाललेला जर्मन शेफर्ड आणि ठकी ही शेल्टी (शेटलंड शीपडॉग), आकाराने सर्वांत लहान आणि आवाजाने सर्वांत मोठी. सध्या चौथा आहे भुऱ्या. तोही बोर्डर कोलीच, एका फ्लॅटमधून ‘आता झेपत नाही’ म्हणून बाहेर पडलेला. कायमचं घर मिळेपर्यंत तो आमच्याकडे आहे. फाटकाशी थांबून, फोनवर आणि लसीकरणाच्या रांगेत लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मेंढपाळ कुत्री म्हणजे धनगरांबरोबर असतात तीच का?

नाही, आणि हा फरक समजला की पुढचं निम्मं आपोआप समजतं. आपल्याकडे सिन्नर, येवला, चांदवड भागात मेंढ्यांच्या वाड्याबरोबर जी कुत्री दिसतात ती राखणीची. रात्री लांडगा, तरस, चोर आला की भुंकायचं, अंगावर जायचं. मेंढ्या हाकायचं काम माणूस करतो. बोर्डर कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड ही हाकणारी कुत्री. कळप गोळा करणं, वळवणं, फुटलेली मेंढी परत आणणं हे त्यांचं काम.

शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते: हेरणं, रोखून बघणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, धरणं, मारणं. हाकणाऱ्या कुत्र्यांत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिले चार दुवे तीव्र केले आणि शेवटचे दोन दाबून टाकले. राखणीच्या कुत्र्यात जवळजवळ सगळीच साखळी मंद असते, म्हणून ते मेंढ्यांमध्ये निवांत झोपू शकतं. तुमच्या घरातला बोर्डर कोली पंख्याच्या सावलीकडे टक लावून बसतो तेव्हा त्याला वेड लागलेलं नसतं. ज्या कामासाठी तो घडवला गेला, ते काम तो शोधत असतो.

आजच्या बोर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जातो तो ‘ओल्ड हेम्प’. तो १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. आरडाओरडा न करता नुसत्या नजरेने मेंढ्या हलवणारा म्हणून त्याचं नाव झालं. जर्मन शेफर्डही मुळात मेंढ्यांचाच कुत्रा. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी त्या जातीची नोंदणी सुरू केली. पोलिसांचा कुत्रा ही त्याची ओळख नंतरची.

आमचा टू बीएचके आहे. बोर्डर कोली घेऊ का?

घराच्या चौरस फुटांपेक्षा तुमच्या दिवसाचे तास महत्त्वाचे. दोघंही सकाळी अंबडला किंवा सातपूरला कामाला जाऊन रात्री आठला परतत असाल, आणि मधल्या वेळात घरी कोणी नसेल, तर घेऊ नका. घरी कोणी तरी आहे, त्या माणसाला रोज शिकवायची हौस आहे, आणि ही हौस बारा-चौदा वर्षं टिकेल असं वाटतं, तर फ्लॅटमध्येही जमतं. मोठ्या बंगल्याच्या अंगणात एकट्याने सोडलेला कोली मी फ्लॅटमधल्यापेक्षा जास्त बिघडलेला पाहिला आहे. दिवसभर कुंपणाच्या कडेने पळून पळून अंगणात पायवाट पाडतात ही कुत्री.

रील पाहून घेऊ नका. रीलमध्ये फ्रिज उघडून पाण्याची बाटली आणणारा कुत्रा दिसतो. त्यामागची दोन वर्षं दिसत नाहीत.

रोज दहा किलोमीटर पळवलं की दमून शांत होईल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि सर्वांत जास्त कुत्री याच गैरसमजापायी घराबाहेर पडतात. भुऱ्याही त्यातलाच. त्याच्या आधीच्या घरी सकाळी गाडीमागे पळवायचे, संध्याकाळी पुन्हा पळवायचे. चार महिन्यांत दहा किलोमीटर त्याला सहज पेलू लागले, मग बारा लागले. रोज पळवलं की दमणूक वाढत नाही, दम वाढतो. घरात तुम्ही एक खेळाडू तयार करता आणि मग तो रात्री साडेदहाला सोफ्याभोवती फेऱ्या मारतो म्हणून तक्रार करता.

डोंगरातल्या खऱ्या मेंढपाळ कुत्र्याचा दिवस बघितला तर त्यात पळणं असतं, पण त्याहून जास्त थांबणं असतं. मालक शीळ घालेपर्यंत दबून पडून राहणं, मेंढ्या दिसत असूनही न हलणं. पळायला या कुत्र्यांना शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला धडा हाच असतो, आणि तो चटईवर होतो.

एक जाड चटई किंवा पोतं घ्या. कुत्र्याचा पाय चुकून जरी त्यावर पडला तरी चटईवरच, त्याच्या पुढच्या पायांच्या मधोमध, खाऊचा तुकडा ठेवा. हातातून भरवू नका. खाऊ जमिनीवरून उचलायला मान खाली जाते, मान खाली गेली की अंग सैल पडतं. थोड्या दिवसांनी तो स्वतःहून आडवा होईल. मग तुकड्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. तुम्ही उठा, बसा, स्वयंपाकघरात जाऊन या, दाराची बेल वाजवा. खूण एकच बघायची: कुल्ला एका बाजूला कलंडला का? चटईवर पडून राहिला आहे पण मागचे पाय स्प्रिंगसारखे अंगाखाली दुमडलेले आहेत, तर तो विसावलेला नाही, नुसता सुटण्याची वाट बघतोय. कुल्ला कलंडून हनुवटी जमिनीला टेकली की समजायचं, जमलं.

भुऱ्या आला तेव्हा जेवणाची ताटं मांडायला लागलो की टेबलाभोवती उजवीकडून गोल फिरायचा, प्रत्येक वळणावर मान खाली, खांदे दबलेले. आता ताटं वाजली की तो चटईवर जातो. रोजचं पळणं आम्ही वाढवलं नाही, उलट कमी केलं. सकाळी मोकळं हुंगत हुंगत फिरणं आणि दिवसात दोनदा पाच-सात मिनिटांची शिकवणी, एवढंच.

चेंडू टाकला तर चालेल का?

पाच-सहा वेळा टाका आणि कपाटात ठेवून द्या. तासभर चेंडू फेकणारं प्लॅस्टिकचं यंत्र घेऊ नका. सतत वेगात पळून गर्रकन वळण्याने सांध्यांची वाट लागते, आणि डोक्यात चेंडूखेरीज काही उरत नाही. लेझरचा लाल ठिपका तर कधीच नको. तो धरता येत नाही, त्यामुळे पाठलाग कधी संपतच नाही, आणि पुढे कुत्रा भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेचा कवडसाही शोधत बसतो. हा नाद एकदा लागला की सोडवणं फार अवघड.

त्यापेक्षा खाऊ लपवून शोधायला लावा. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, अंगणातल्या पाचोळ्यात विखरून टाका. दहा मिनिटं नाक चालवलं की माझी मैना पळण्यापेक्षा जास्त गाढ झोपते.

मुलांच्या मागे लागतो, टाचेला धरतो. ॲक्टिव्हा दिसली की वेडा होतो. काय करू?

ॲक्टिव्हाचं चाक, सायकल, पळणारं मूल, सगळी त्याच्या लेखी फुटलेली मेंढी. आमच्याकडे एका साखरपुड्याला जमलेली सगळी चुलत-मावस भावंडं मैनाने हळूहळू पडवीच्या एका कोपऱ्यात गोळा केली होती. पाहुण्यांना गंमत वाटली. धाकट्या भाचीला वाटली नाही, कारण ती दोनदा निसटायला गेली आणि दोनदा अडवली गेली.

उपाय पाठलाग सुरू झाल्यावर ओरडण्यात नाही. त्या आधीच्या क्षणात आहे. रस्त्याकडेला कुत्र्याला धरून उभे राहा आणि त्याच्याकडे बघा. लांबून गाडीचा आवाज आला की आधी कान पुढे येतात, मग मान खांद्यांच्या रेषेखाली जाते, तोंड मिटतं, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो. कान पुढे आले आणि मान अजून वर आहे, तिथे त्याचं नाव घ्यायचं आणि वळला की खाऊ द्यायचा. मान खाली गेल्यावर तो तुमचं ऐकत नाही. त्याला ऐकूच जात नाही म्हणा हवं तर. मग रस्त्यापासून आणखी लांब उभे राहून सुरुवात करायची. आडगाव नाक्यावर पहिल्या दिवशी हे करायला जाऊ नका. पेठ रोडला आत वळून, अर्ध्या तासात चार गाड्या जातात अशी वस्तीची वाट पकडा.

लहान मुलांना एकच शिकवायचं: कुत्रं मागे लागलं की झाड व्हायचं. हात छातीशी, पाय जागेवर. न हलणारी मेंढी हाकण्यात मजा नसते. आणि टाच धरणारा कुत्रा व पळणारी मुलं यांना मोठं माणूस हजर नसताना एकत्र सोडू नये, कितीही प्रेमळ असला तरी.

सगळ्यांना एकत्र शिकवता का?

नाही. एका वेळी एकच. बाकीचे दाराआड, चघळायला काही तरी घेऊन. तीन-चार कुत्री एकत्र असली की ती एकमेकांकडे बघतात, तुमच्याकडे नाही. दोन पिल्लं एकदम आणणाऱ्यांची गाडी इथेच अडते. ती एकमेकांची होतात, माणसाची होतच नाहीत. रोज प्रत्येकाला एकट्याने फिरायला नेणं हा आमच्याकडचा न मोडणारा नियम आहे. ठकीला नुसतं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत नेलं तरी ती परत येताना ऐटीत चालते.

प्रत्येक जण एकटा असताना ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ या तिन्हींना पक्का झाला की मग दोघं, मग तिघं. एकत्र असताना आधी नाव, मग हुकूम. ‘सरजा, ये’ म्हटल्यावर सरजाच यायला हवा आणि बाकीच्यांनी जागेवर राहिल्याबद्दल खाऊ मिळवायला हवा. हे शिकवायला वेळ लागतो. पण फाटक उघडं राहिलं त्या दिवशी त्याची किंमत कळते.

हुकूम मराठीत द्यावे की इंग्रजीत?

कुठल्याही भाषेत. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा एवढंच. आजी ‘खाली बस रे बाळा’ म्हणणार, बाबा ‘सिट’ म्हणणार आणि मुलगा नुसतं बोट दाखवणार, अशा घरात कुत्रं आजीचंच ऐकतं, कारण आजीकडे पोळी असते. शब्द लक्षात ठेवण्याची त्यांना अडचण नाही. अमेरिकेत ‘चेसर’ नावाच्या बोर्डर कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं ओळखता येत होती.

‘फॉस्टर’ म्हणजे नेमकं काय? दत्तकच ना?

दत्तक कायमचं, फॉस्टर मधल्या मुक्कामाचं. कुत्रं घरात राहून बघितल्याशिवाय ते कसं आहे हे कळत नाही. शेडमध्ये, पिंजऱ्यात, सगळीच घाबरलेली असतात. फॉस्टर घराचं काम दोन प्रकारचं: त्याला पुन्हा घरात राहायची सवय लावणं, आणि तो खरा कसा आहे हे पुढच्या कुटुंबाला प्रामाणिकपणे सांगणं. मांजर चालत नाही तर चालत नाही असंच सांगायचं. गोड बोलून दिलेलं कुत्रं परत येतं, आणि प्रत्येक परतीला त्याचा माणसावरचा विश्वास थोडा कमी झालेला असतो.

नवीन कुत्रं घरी आणताना जुन्यांशी ओळख कशी करून द्यायची?

आधी कागद. लसीकरणाची नोंद नसेल तर दोन आठवडे वेगळ्या खोलीत. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे रोग बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याबरोबरही घरात येतात, आणि पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. त्या खोलीचे भांडे, चपला, फडकं वेगळं. फरशी पुसायला ब्लीचचं पाणी, नुसत्या फिनाईलने पार्व्हो मरत नाही. भुऱ्याचे कागद पूर्ण होते म्हणून हा टप्पा वाचला.

मग भेट, पण घरात नाही. फाटकात तर मुळीच नाही. तिऱ्हाईत जागी, दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये रस्त्याएवढं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर नाही, कारण नाकाला नाक लावून उभं राहणं कुत्र्यांत उद्धटपणा समजतात. चालता चालता अंतर कमी करायचं. एक पुढे गेला की दुसऱ्याला त्याने लघवी केलेली जागा हुंगू द्यायची. त्यांची ओळखपाळख तिथेच होते. आम्ही हे म्हसरूळकडे चामरलेण्यांच्या पायथ्याशी करतो, अगदी सकाळी, जॉगिंगवाले यायच्या आत. आधी सरजाबरोबर, कारण तो कोणाच्याच भानगडीत पडत नाही. मैना शेवटी, कारण तिची नजर. बोर्डर कोलीची रोखलेली नजर दुसऱ्या कुत्र्याला धमकीसारखी वाटते, आणि पुष्कळ भांडणं दात दिसण्याच्या बऱ्याच आधी त्या नजरेतून सुरू झालेली असतात.

चालणं जमलं की एकत्रच घरात शिरायचं. त्याआधी घरातली खेळणी, हाडं, भांडी उचलून ठेवलेली हवीत. पाहुण्याला त्याची स्वतःची जागा द्यायची, जिथे बाकीचे जाऊ शकत नाहीत. आम्ही जिन्याखाली जाळीचं दार लावलं आहे. पहिले काही दिवस तो तिथून नुसतं बघतो: कोण कधी उठतं, दूधवाला कधी येतो, ठकी कशावर भुंकते आणि कशावर उगाचच भुंकते.

किती दिवसांत रुळतो?

लोक तीनचा आडाखा सांगतात: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत रुटीन कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आडाखाच आहे तो. पहिल्या आठवड्यात अगदी शहाणा वाटणारा कुत्रा तिसऱ्या आठवड्यात गुण उधळायला लागला तर घाबरू नका. तो बिघडला नाही, मोकळा झाला.

गुरगुरला तर रागवायचं का? आणि खरंच जुंपली तर?

गुरगुरण्याला रागवू नका. ती सूचना आहे. सूचना द्यायची बंद केली की कुत्रा थेट चावतो. कशावरून गुरगुरला ते बघा (वाटी, सोफा, तुमची मांडी) आणि ती गोष्ट वादातून काढून घ्या. आमच्याकडे चौघं चार कोपऱ्यांत जेवतात, दोघं दाराआड. दहा मिनिटांत वाट्या उचलल्या जातात. ‘शिकले पाहिजेत एकत्र जेवायला’ असं काही नाही. पंगतीत आपल्या पानात कोणी हात घातला तर आपणही गुरगुरतोच.

जुंपली तर मध्ये हात घालू नका, पट्टाही धरायला जाऊ नका. बहुतेक माणसं तिथेच चावली जातात. बादलीभर पाणी, मध्ये घुसवलेली खुर्ची किंवा पाट, अंगावर टाकलेली सतरंजी यांपैकी जे हाताशी असेल ते. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी मागचे पाय मांडीपाशी धरून दोघांना मागे ओढायचं आणि लगेच वेगवेगळ्या खोल्यांत. माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. कुत्रं घरचं असलं, लस झालेली असली तरी डॉक्टरांनाच ठरवू द्या. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

खायला काय देता? नाशिकमध्ये काही खास काळजी?

तयार खाद्य किंवा घरचं, दोन्ही चालतं, फक्त घरचं म्हणजे दूध-पोळी नव्हे. त्यात मांस-अंडी हवीत आणि ते पशुवैद्याकडून एकदा नीट ठरवून घ्यायला हवं.

नाशिकची खास काळजी मात्र आहे, आणि ती आपल्या दोन लाडक्या पिकांची. द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी.

द्राक्ष, बेदाणा, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याला चार-पाचांत होतं. सुरक्षित प्रमाण असं काही नाही. द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडवर संशय आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचं बोटुकही नको. साधारण जानेवारी ते एप्रिल, तोडणीच्या दिवसांत, वेलीखाली गळलेल्या मण्यांचा सडा असतो आणि कुत्री गोड म्हणून टिपतात. त्यात फवारणी झालेली असते ते वेगळंच. बागेच्या आसपास कुत्रा मोकळा सोडू नका. घरात शिरा, लाडू, पुलाव यांतले बेदाणे लक्षात ठेवा. पाहुणे प्रेमाने प्रसाद भरवतात, तिथे स्पष्ट नाही म्हणा. खाल्लं असं नुसतं वाटलं तरी लगेच डॉक्टर. उलट्या काही तासांत सुरू होतात, पण मूत्रपिंडांचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसतं आणि तेव्हा हातातून वेळ गेलेली असते.

कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो. म्हणजे शेल्टीसारख्या आठ किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे. कच्चा, शिजवलेला, तळलेला, सगळा सारखाच. लसूण त्याहून तीव्र. रश्शात भिजवलेली पोळी कुत्र्याला घालणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी विचार करावा. हिरड्या फिक्या, लघवी लालसर-तपकिरी, जिना चढताना धाप, ही लक्षणं दोन-चार दिवसांनी येतात. तोपर्यंत रस्सा सगळे विसरलेले असतात.

गोचिडांवर कोणतं औषध देता?

औषधाचं नाव मी सांगणार नाही, एक न देण्याचं मात्र सांगते. आयव्हरमेक्टिन. गुरांसाठी ते मेडिकलमध्ये सर्रास मिळतं आणि ‘आमच्या गोठ्यातलं थोडं टोचून टाकू’ म्हणणारे हितचिंतकही सर्रास मिळतात. कोली गटातल्या अनेक कुत्र्यांच्या एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. हा दोष २००१ साली सापडला. रफ कोलींमध्ये दहातल्या सातांत, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये साधारण निम्म्यांत असतो, शेल्टीत आणि जर्मन शेफर्डमध्ये त्याहून कमी आणि बोर्डर कोलीत अगदी थोड्यांत. पण तुमचं कुत्रं त्या थोड्यांत आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. दुभत्या गाईच्या मापाचा डोस कुठल्याच कुत्र्याला नको. जुलाबावरचं लोपरामाइडही याच यादीत. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर जात आवर्जून सांगा.

गोचीड स्वतः लहान गोष्ट नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीडतापाने कुत्री पटापट जातात. ताप, जेवण सुटणं, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. केस दाट असल्याने वरून काही दिसत नाही. रोज रात्री कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत बोटं फिरवून बघायची. चौघांचं करायला मालिकेचा एक भाग पुरतो.

एवढे केस, उन्हाळ्यात काढून टाकावेत का?

नको. दुहेरी केस ऊनही अडवतात. पिंजून मोकळे करा, पोटाखालचे थोडे कमी केले तर हरकत नाही, तुळतुळीत करू नका. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर पडतो. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचा पायही तिथे नको. बोर्डर कोली स्वतःहून थांबत नाही, हे विसरू नका. तो खेळता खेळता कोसळतो. जीभ रुंद बाहेर, हिरड्या गडद लाल, चाल डगमगती दिसली की सावलीत नेऊन अंगावर नळाचं पाणी सोडा, पंखा लावा आणि तसंच ओलं दवाखान्यात न्या.

ढोल, फटाके, रंग, पतंग?

नाशिक ढोलाची ख्याती सांगायला नको. ती कुत्र्याच्या कानांना परवडत नाही. गणपतीच्या आधी महिनाभर ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून जेवण द्यायचं, आवाज हळूहळू वाढवायचा. मिरवणुकीच्या दिवशी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा-टीव्ही चालू. सरजा दिवाळीत न्हाणीघरात जाऊन बसतो. बसू देतो. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज खोटा आहे, खुशाल जवळ घ्या. फारच घाबरणाऱ्यांना डॉक्टर गोळी देतात, ती आधीपासून विचारून ठेवा.

रंगपंचमीला घरात. संक्रांतीनंतर आठवडाभर चालताना जमिनीकडे बघा. नायलॉन मांज्यावर बंदी असली तरी झुडपांत त्याची गुंतवळ सापडतेच आणि पायाच्या बेचक्यात ती सुरीसारखी चालते.

मळ्यात राहता, बिबट्याची भीती नाही वाटत?

वाटते, आणि वाटायलाच हवी. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. ऊस, मका, द्राक्षबागा, नदीकाठ, नाले हे सगळं त्याला लपायला सोयीचं, आणि अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. ‘राखणीला आहे’ म्हणून रात्री कुत्र्याला बाहेर साखळीला बांधू नका. साखळीतलं कुत्रं राखणही करत नाही आणि पळूही शकत नाही. दिवेलागणीला आमची सगळी आत. रात्रीची शेवटची लघवी दिव्याच्या उजेडात, लीशवर, माणूस शेजारी. कचरा आणि कोंबडीची आतडी उघड्यावर टाकली की भटकी कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. हे शेजाऱ्यांना समजावणं कुत्री शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

फिरवताना भटकी कुत्री अंगावर येतात.

चारही एकदम घेऊन निघालात तर येणारच, त्यांच्या गल्लीत तुमची टोळी शिरलेली असते. दोन-दोन न्या. थांबून आरडाओरडा न करता वळसा घेऊन चालत राहा. रोजच्या वाटेवरची कुत्री आठवड्याभरात ओळखीची होतात. त्यांच्या नसबंदीला आणि लसीला हातभार लावलात तर तुमचीच वाट सोपी होते.

आमच्या शेतात धनगर मेंढ्या बसवतात. त्यात सोडून बघू का, रक्तात आहे म्हणतात?

अजिबात नको. कांदा निघाल्यावर शेजारच्या वावरात वाडा बसला होता तेव्हा मैनाला लांब दोरीवर कुंपणापलीकडून दाखवलं. ती जमिनीला पोट लावून अर्धा तास हलली नाही. धनगरबाबा बघत होते. म्हणाले, “नजर हाय तिला. पन सोडू नका, मेंढरं फुटतील आन्‌ गाभण हायेत.” त्यांचं खरं होतं. रक्तात असते ती ओढ, कसब शिकवावं लागतं. न शिकलेल्या कुत्र्याने पळवलेल्या मेंढ्या गाभडतात, उष्म्याने मरतात, विहिरीत पडतात. आणि वाड्याची राखण करणारी कुत्री तुमच्या कुत्र्याला पाहुणा समजणार नाहीत. हाकायची हौस मोठ्या रबरी चेंडूला नाकाने गोलात ढकलायला शिकवून भागवता येते.

सोसायटीने बंदी घातली तर?

भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी. पण कायदा दाखवण्याआधी खिशात पिशवी ठेवा आणि घाण उचला. लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघा. भुंकण्याची तक्रार आली तर ती खरी असू शकते हे मान्य करा. शेल्टी पाळून हे मी खात्रीने सांगू शकते. महापालिकेचा परवाना आणि रेबीजचं प्रमाणपत्र हाताशी असलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

पाहुणा गेला की वाईट वाटत नाही?

वाटतं. मग ती जिन्याखालची जागा धुऊन पुढच्यासाठी तयार करते.

भुऱ्या आम्हाला मिळेल का?

मिळू शकतो. तो तीन वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे, लसी पूर्ण आहेत. चटई, ‘थांब’ आणि ‘सोड’ पक्कं आहे. बोलावल्यावर येणं घराजवळ पक्कं, मोकळ्या रानात अजून नाही, तिथे लांब दोरीच. गाड्यांकडे बघून वळायला शिकला आहे, सायकली अजून बाकी आहेत. सहा-सात वर्षांखालची मुलं किंवा मांजर असलेल्या घरी तो देणार नाही. दुसरं शांत कुत्रं घरात असेल तर उत्तम. घरातल्या सगळ्यांनी, कुत्र्याला नाकं मुरडणाऱ्या माणसानेसुद्धा, एकदा येऊन त्याला फिरवून आणायचं. नंतर मी तुमच्या घरी येऊन बघणार. नाही जमलं तर तो रस्त्यावर किंवा तिसऱ्याच्या हाती न जाता माझ्याकडेच परत यायला हवा, एवढं लिहून द्यावं लागेल. संध्याकाळी सहानंतर या, आणि फाटकाशी आलात की बेल वाजवू नका, फोन करा. बेलवर ठकी सुरू होते.